पानांच्या वाटेने सिमल्याला

हरिश्चंद्र चुरी वैतरणेच्या पुलापलीकडे जन्मात कधी गेलेले नाहीत, हे प्रेमलताला कळलं तेव्हा तिची एकुलती एक मुलगी त्यांच्याच भरवशावर दिल्लीच्या गाडीत बसली होती आणि गाडी बडोदा मागे टाकून रतलामच्या वाटेला लागली होती.

सांगितलं ते हरिश्चंद्रांच्या बायकोने, सावित्रीने. ते कळण्यासारखं काही आहे, हेही तिच्या ध्यानात नव्हतं. एकोणीसशे पंचावन्नचा डिसेंबर संपत आला होता. गुरुवारची सकाळ. सावित्री ओट्यावर बसून विड्याची पानं निवडत होती. डागाळलेली एका बाजूला, कोवळी एका बाजूला. गावनात्याने तिची जाऊ लागणारी प्रेमलता नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन आभार मानायला आली होती.

"भावोजी होते म्हणून पोरीला पाठवलं हो," ती म्हणाली. "ते स्वतः सगळीकडे हिंडून आलेले, म्हणून जीव थोडा थाऱ्यावर आहे."

"कोण हिंडून आलंय?"

"भावोजी. दिल्ली, कालका, सिमला."

सावित्रीने हातातलं पान खाली ठेवलं आणि ती हसायलाच लागली. "जाऊबाई, माझं माहेर पुलापलीकडे, केळव्याचं. या माणसाने लग्नसुद्धा इथे वटारला लावून घेतलं, पानं कोण भरणार म्हणून. चोवीस वर्षं मला माहेरच्या गाडीत बसवून देतात आणि फलाटावरून हात हलवतात. पूल काही ओलांडला नाही. दिल्ली कुठली घेऊन बसलात!"

प्रेमलताच्या हातातला डबा तसाच राहिला. सावित्रीने तो काढून घेतला तरी तिचे हात तसेच पुढे.

हरीभाऊंची ओळख करून द्यायची तर विरारच्या पार्सल ऑफिसापासून सुरुवात करायला हवी. वटार, आगाशी, बोळिंज या सगळ्या वाड्यांमधली विड्याची पानं तेव्हा उत्तरेला जायची. दिल्ली, आग्रा, पार अमृतसरपर्यंत. दुपारी खुडलेलं पान संध्याकाळी करंडीत भरायचं, केळीच्या ओल्या पात्यांत गुंडाळायचं, करंडीवर मालकाची खूण करायची आणि रात्रीच्या गाडीत चढवायचं. एक दिवस उशीर झाला की पान पिवळं. वटारच्या पंधरा-वीस घरांची पानं हरीभाऊ एकटे पोचवत. वयाच्या सोळाव्या वर्षी बापाच्या जागी उभे राहिले ते तीस वर्षं एक संध्याकाळ चुकली नाही. ताप असला तरी बैलगाडीत पानांच्या शेजारी आडवे होऊन जायचे.

आणि तीस वर्षांत त्यांनी सगळा उत्तर हिंदुस्थान तोंडपाठ केला. गार्डला विचारायचं, पार्सल कारकुनाला विचारायचं, काशीहून आलेल्या म्हाताऱ्यांना फलाटावरच धरून ठेवायचं. दिल्लीला उतरलं की नळ कुठल्या हाताला, कुठल्या नळाचं पाणी मचूळ, मथुरेला रात्री दूधवाला कोणत्या डब्यापाशी येतो, हमालाने किती मागितले की किती द्यायचे. गावातलं कोणीही कुठेही निघालं की आधी हरीभाऊंच्या ओट्यावर येऊन बसायचं. ते डोळे मिटून सांगायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, हा माणूस परवाच तिथून आला. शिवाय जिथे जिथे पानं जात, तिथे माल उतरवून घेणाऱ्या आडत्यांना हरीभाऊ एक कार्ड टाकत, आमची माणसं येत आहेत, उतरू द्यावं. आडते उतरू देत. पान पाठवणाऱ्यांचा पाहुणा म्हणजे घरचा पाहुणा. धर्मशाळा नको, हॉटेल नको.

प्रेमलता या गावात सून म्हणून आली ती बी. ए. होऊन. नवरा नरहरी, पानाचे आणि केळीचे मळे असलेला, शांत माणूस. शिकलेली असूनही तिला प्रवासाची भीती होती. मुलगी जयवंती हॉस्टेलवर राहून मुंबईत शिकत होती, तर दर शनिवारी तिचं पत्र आलं नाही की प्रेमलताला जेवण जात नसे. तीच जयवंती नोव्हेंबरात घरी येऊन म्हणाली, "आई, मला बर्फावर घसरायला शिकायचंय."

"कुठे?"

"सिमल्याच्या वर, कुफरीला. पायाला लांब फळ्या बांधायच्या, हातात दोन काठ्या, आणि उतारावरून खाली यायचं. तिथला क्लब विद्यार्थ्यांना फुकट शिकवतो. फळ्याही त्यांच्याच. आमच्या कॉलेजातून मी आणि इनेझ, दोघींचीच नावं लागलीत."

नरहरी सुपारी कातरत होता. "पाटाचं पाणी सोडलं की आपल्या वाडीत पाहिजे तेवढं घसर. फळ्यासुद्धा नकोत."

"बाबा!"

"आणि हाड मोडलं तर?" प्रेमलता म्हणाली.

"मोडलं तर सुट्टीत मोडेल. अभ्यास बुडणार नाही."

शिकवणं फुकट असलं तरी जाण्या-येण्याचं आणि राहण्याचं ज्याचं त्याने बघायचं होतं. फोर्टातल्या एका प्रवासी कंपनीने दोघींचा मिळून जो आकडा सांगितला, त्यात जयवंतीची वर्षाची फी निघाली असती. प्रेमलताला आतून सुटल्यासारखं झालं. परवडत नाही म्हणायला मुलीसमोर कारण मिळालं. पण जयवंती दुसऱ्याच दिवशी हरीभाऊंच्या ओट्यावर जाऊन बसली आणि तासाभराने नाचत परत आली. "हरीकाकांनी सगळं बसवलं! दिल्लीला पानांचे आडते लाला गिरधारीलाल यांच्याकडे दोन रात्री. कालक्यापर्यंत रात्रीची गाडी, पुढे छोटी गाडी. सिमल्यात लालांच्या मेव्हण्याचं पानाचं दुकान आहे, वर घर. तिथे राहायचं. फक्त भाड्याचे पैसे लागतील, आई. तिसऱ्या वर्गाचे."

इनेझ ही होळी गावची. तिची आई रेजिना बाजारात भाजी विकणारी, आवाजाने खणखणीत. ती येऊन प्रेमलताला म्हणाली, "मुली एकट्या नाय जानार. आमचा रॉबर्ट जाईल सोबत. त्याला नोकरी नाय, तर निदान बर्फ तरी बघून येईल."

असं ते ठरलं. क्लबाचं पत्र आलं होतं, इंग्रजीत टाईप केलेलं, त्यात राहण्याविषयीही काही होतं. प्रेमलताने ते वाचलं होतं. पण हरीभाऊ म्हणाले, "वहिनी, आपली घरं असताना त्या लोकांचे उपकार कशाला?" तिने पत्र घडी करून ठेवून दिलं. ज्याने सगळं बघितलं आहे तो सांगतोय म्हटल्यावर आपण बोलायचं कशाला?

आणि आता सावित्री हसत होती.

प्रेमलता तशीच पानमळ्याकडे निघाली. हरीभाऊ वेलींना गवताचे बंध घालत होते. तिला येताना बघून ते उठले. "पोचतील हो वहिनी. आता नागदा येईल. तिथे पुऱ्या चांगल्या—"

"भावोजी, तुम्ही दिल्ली बघितली आहे?"

ते थांबले. बोटाला गुंडाळलेलं गवत त्यांनी सोडवलं.

"नाही."

"रतलाम?"

"नाही."

"मग इतकी वर्षं तुम्ही—"

"मला कधी कोणी विचारलं का, हरी, तू गेलास का म्हणून?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, लपवाछपवीही नव्हती. "कुठे काय आहे ते विचारतात. ते मी सांगतो. खोटं असेल तर सांगा."

खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. प्रेमलताने स्वतःला सावरलं. "बरं. लालाजींचं उत्तर कुठे आहे? मला वाचायचंय."

"उत्तर नाही आलं."

"म्हणजे?"

"म्हणजे झालं. आपल्या धंद्यात उत्तर येतं ते तक्रारीचं. पान डागी निघालं, करंडी फुटली, की कार्ड येतं. काही आलं नाही म्हणजे माल पोचला, ठीक आहे. तीन माणसं पाठवतोय म्हणून कळवलं, नको असती तर लालाजींनी लिहिलं असतं."

प्रेमलता खाली बसली. मळ्यातल्या ओल्या मातीत, नेसत्या लुगड्यानिशी. तीन पोरं हजार मैलांवर चालली आहेत, आणि त्यांच्या डोक्यावरचं छप्पर म्हणजे न आलेलं एक कार्ड! "सिमल्याचं?" तिने विचारलं. "त्या मेव्हण्याचं?"

"त्यांना लालाजी कळवतात. आपलं पान तिथे जातं ना, एप्रिलपासून. थंडीत मागणी बंद होते. गारठ्यात पान खात नसतील लोक."

हे बोलता बोलता हरीभाऊ गप्प झाले. तिच्याकडे बघत राहिले. तीही त्यांच्याकडे बघत राहिली. दोघांच्याही मनात एकच गोष्ट एकाच वेळी आली असावी, पण बोलण्याचा धीर दोघांनाही झाला नाही. थंडीत पानाची मागणी बंद होते. खाणारेच तिथे नसले तर?

तासाभरात दोघं टांग्याने स्टेशनाजवळच्या तार ऑफिसात पोचली. प्रेमलताने इंग्रजीत तार लिहिली, जवाबी, म्हणजे उत्तराचे पैसे इथूनच भरलेली. तीन माणसं उद्या सकाळी पोचतात, कृपया स्टेशनावर जा, सिमल्याच्या घराचं कळवा. लिहिताना पेन दोनदा अडकलं. हरीभाऊ बाजूला उभे होते, हातात टोपी.

त्या रात्री प्रेमलता झोपली नाही. नरहरी म्हणाला, "पोरी शहाण्या आहेत," आणि कुशीवर वळला. ती अंधारात हिशेब करत राहिली. आता कोटा गेलं असेल. आता मथुरा. फलाटावर उतरतील, कोणी नसेल. रॉबर्ट बावळट, मुलींच्या आधी तोच रडेल. स्वतःचा राग राग आला. हातात शिकलेल्या माणसाचं पत्र असताना आपण ते का घडी करून ठेवलं?

शुक्रवारी दुपारी तार आली. तारवाला वाडीपर्यंत आला नाही, हरीभाऊच स्टेशनावरून घेऊन धावत आले होते, चप्पल हातात. तार फोडलेली नव्हती. इंग्रजी वाचता येत नाही म्हणून नव्हे. त्यांची हिंमत नव्हती.

प्रेमलताने वाचली. मग परत वाचली.

"पोरी पोचल्या," ती म्हणाली. "घरी आहेत. सुखरूप."

सावित्रीने देवाला हात जोडले. नरहरीने मोठा श्वास सोडला.

"पुढे वाचा," हरीभाऊ म्हणाले. तिचा चेहरा त्यांना दिसत होता.

"सिमल्याचं दुकान आणि घर नोव्हेंबरपासून बंद. बर्फ. मेव्हणे सहकुटुंब दिल्लीत. मुलींचं काय करायचं ते कळवा." ती थांबली. "आणि तार लालाजींची नाही, त्यांच्या मुलाची आहे. भावोजी, लालाजी गेले. दोन वर्षं झाली."

हरीभाऊ ओट्याच्या पायरीवर टेकले.

दोन वर्षं ते पानांबरोबर चिठ्ठी पाठवत होते. 'लालाजींस नमस्कार.' दिवाळीला सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा वेगळा बांधून करंडीत घालत होते, लालाजींना आवडतात म्हणून. दुकानाचं नाव तेच, मनिऑर्डरीवरचं नाव तेच. तक्रार कधी आली नाही. म्हणून सगळं ठीक आहे.

"मुलींना परत बोलवू की पुढे जाऊ देत?" प्रेमलताने विचारलं. सवयीने त्यांनाच विचारलं.

"वहिनी," हरीभाऊ म्हणाले, "मला माहीत नाही."

वटारमध्ये त्यांच्या तोंडून हे शब्द कोणी ऐकले नव्हते. नरहरीसुद्धा चमकून बघायला लागला. पुढचं जे काय ते आता आपल्यालाच ठरवायचं आहे, हे प्रेमलताला त्या क्षणी कळलं. परत बोलवणं सोपं होतं. चार शब्दांची तार. कोणी तिला नावं ठेवली नसती. उलट म्हणाले असते, आईचं काळीज. पण जयवंती परत आली तर पुन्हा कधी काही मागणार नाही, हेही तिला दिसत होतं. तिने स्वतः लग्नानंतर मागणं सोडलं होतं ते असंच, एकदाच नाही ऐकून.

तिने आत जाऊन ट्रंक उघडली. क्लबाचं पत्र काढलं. दुसऱ्या पानावर खाली लिहिलं होतं. ज्यांची सोय नसेल त्यांच्यासाठी सिमल्यात शाळेचा हॉल घेतला आहे, मुलींची खोली वेगळी, रात्रीचे आठ आणे, रोज सकाळी क्लबाची मोटार कुफरीला नेईल, पांघरुणं स्वतःची आणावीत, वीस तारखेपर्यंत कळवावे. वीस तारीख होऊन दहा दिवस झाले होते.

"टांगा आहे का बाहेर?" तिने विचारलं.

या वेळी दोन तारा गेल्या. क्लबाला एक, जवाबी. दिल्लीला दुसरी, मुलींना ठेवून घ्या, उद्या कळवते. रेजिनाला निरोप गेला तशी ती टोपली तशीच ठेवून धावत आली आणि सगळं ऐकून घेतल्यावर हरीभाऊंकडे वळून म्हणाली, "तू दिल्लीला नाय गेलास? अरे, मी माझ्या पोराला तुझ्या शब्दावर धाडला!" हरीभाऊंनी मान वर केली नाही. मग तीच म्हणाली, "बरं झालं तुझा शब्द तिकडे चालला. घरात तर घेतलं त्यांनी," आणि कपाळाचा घाम पुसून तिथेच बसली.

शनिवारी दुपारी उत्तर आलं. जागा आहे, तिघांना, पांघरुणं भरपूर आणा. प्रेमलताने दिल्लीला तार केली. जा. तिघांना मिळून सहा रजया घेऊन जा, उसन्या. हे लिहिताना तिला स्वतःचाच धक्का बसला. जी बाई मुलीला वसईच्या जत्रेला एकटी सोडत नव्हती, ती अनोळखी माणसांच्या घरून सहा रजया मागत होती.

जयवंती जानेवारीच्या मध्यात परतली. तिला पाहून प्रेमलता किंचाळलीच. तोंड काळं पडलेलं, नाकाची साल निघालेली. "हे काय! भाजलीस कुठे?"

"बर्फावर. बर्फात ऊन लागतं, आई. कोणी सांगितलंच नव्हतं." आणि ती हसायला लागली. चाळीस वेळा पडली होती, एकदा कुंपणात अडकली होती, रॉबर्ट पहिल्या दिवशीच स्वयंपाकघरात कामाला लागला तो शेवटपर्यंत तिथेच राहिला, आणि इनेझ तर एका उतारावरून सरळ येऊन शिकवणाऱ्या मास्तरांना घेऊनच खाली गेली. प्रेमलता ऐकत होती. ऐकताना तिचा श्वास अडकत होता आणि ती "पुढे?" म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हरीभाऊ आले. संध्याकाळी! ती वेळ त्यांची विरारला असायची. प्रेमलताला वाटलं, काही वाईट झालं.

"नरहरीदादा पाच दिवस पानं बघतो म्हणाला," ते उभ्या उभ्या म्हणाले. "मी दिल्लीला जाऊन येतो. लालाजींच्या घरी. बावीस वर्षं व्यवहार, आणि माणूस गेला तर आपल्यातलं कोणी भेटायलाही गेलं नाही."

नरहरीने यातलं काही घरात सांगितलं नव्हतं. प्रेमलता "बसा" म्हणाली.

ते बसले नाहीत. त्यांनी जयवंतीकडे बघितलं. "पोरी, तू त्यांच्या घरात राहिलीस. मला लालाजींचा चेहरासुद्धा माहीत नाही. दारात जाऊन मी काय बोलू?"

जयवंतीच्या तोंडावरचं हसू गेलं.

"काही बोलू नका, काका. अंगणात खाट असते, तिच्यावर बसा. मोठ्या सूनबाई आधी दूध आणतात. ग्लास रिकामा होईपर्यंत उठून जात नाहीत. मग त्या आपण होऊनच सासऱ्यांचं सांगायला लागतात."

"मला हिंदी नीट येत नाही."

"ऐकायला येतं ना?"

"ऐकायला येतं," हरीभाऊ म्हणाले, आणि तेव्हा कुठे खाली बसले.